पर्यायी ऊर्जा आणि राज्याचा कायदा : जलविद्युत व अणुऊर्जेच्या संदर्भात गोव्याचे उदाहरण

प्रस्तावना

पेडणे तालुक्यातील चोपडे हे गाव शापोरा नदीच्या उत्तर काठावर वसले आहे. समोरच्या काठावर बार्देश तालुक्यातील शिवोली. या दोन काठांना पूर्वी फेरीबोट जोडत असे, आज पूल जोडतो. येथे नदी खाडीचे रूप घेते आणि थोड्याच अंतरावर अरबी समुद्राला मिळते. शेजारच्या आगरवाड्याच्या नावातच मिठागरांची आठवण आहे. हीच नदी थोडी वर कोलवाळची नदी म्हणून ओळखली जाते आणि आणखी वर, महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात, तिचे नाव तिळारी होते.

तिळारीच्या पाण्यावर महाराष्ट्राचे सुमारे ६० मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र चालते. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी पायथ्याच्या केंद्रातून खाली येते, पुढे तिळारी धरणाच्या जलाशयात साठते आणि कालव्यांतून डिचोली, पेडणे व बार्देश या तालुक्यांकडे वळते. या पाण्यात गोव्याचा मोठा वाटा आहे, परंतु त्यावर तयार होणाऱ्या विजेत नाही. गोव्याला लागणारी वीज बहुतांशी राज्याबाहेरील केंद्रीय प्रकल्पांतून येते. त्यात कोळशावरील केंद्रांचा भाग मोठा असून तारापूर व काक्रापार येथील अणुवीज केंद्रांचाही हिस्सा आहे. ही वीज ज्या मोठ्या वाहिन्यांवरून गोव्यात येते, त्यांपैकी एक कोलवाळ येथील ४०० किलोव्होल्टच्या उपकेंद्रात उतरते. म्हणजे चोपड्याच्या माणसाच्या घरात पाणी येते ते एका आंतरराज्य करारामुळे, आणि वीज येते ती केंद्राने ठरवून दिलेल्या वाटपामुळे.

अशा परिस्थितीत राज्याच्या विधानसभेच्या हाती नेमके काय उरते, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अणुऊर्जा आणि जलविद्युत यांना 'पर्यायी ऊर्जा' म्हणून वर्गात शिकवले जाते. त्यांचे तंत्र, फायदे-तोटे सांगितले जातात. परंतु त्यांविषयी कायदा कोणी करावयाचा आणि जाब कोणाला विचारावयाचा, हा भाग बहुधा मागे राहतो. प्रस्तुत लेखात गोव्याचे उदाहरण समोर ठेवून हा भाग विशद करण्याचा प्रयत्न केला आहे.

'पर्यायी' या शब्दाचा कायदेशीर अर्थ

'पर्यायी ऊर्जा' हा शब्द व्यवहारात सैलपणे वापरला जातो. कोळसा, तेल व वायू यांना पर्याय म्हणून जे जे वापरता येईल ते पर्यायी, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या भाषेत मात्र तीन वेगळी वर्तुळे मानावी लागतात.

पहिले वर्तुळ अक्षय किंवा नवीकरणीय ऊर्जेचे. सूर्य, वारा, जैवभार व लहान जलविद्युत प्रकल्प त्यात येतात. भारतात दीर्घकाळ २५ मेगावॉटपर्यंतचाच जलविद्युत प्रकल्प 'नवीकरणीय' मानला जात असे. त्याहून मोठा प्रकल्प त्याच पाण्यावर चालत असूनही या वर्गाबाहेर राही. मार्च २०१९ मध्ये केंद्र शासनाने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. तसेच त्या तारखेनंतर सुरू होणाऱ्या मोठ्या प्रकल्पांची वीज ठरावीक प्रमाणात खरेदी करण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर घालण्याची व्यवस्था केली. तिळारीचे केंद्र १९८०च्या दशकातील आहे. २०१९ पूर्वी शासनाच्या व्याख्येत ते 'नवीकरणीय' नव्हते आणि नंतरच्या खरेदी-बंधनाचा लाभही त्याला नाही. पाणी तेच, यंत्र तेच, केवळ व्याख्या बदलली.

दुसरे वर्तुळ जीवाश्मेतर ऊर्जेचे, म्हणजे कोळसा, तेल, वायू यांवर न चालणाऱ्या सर्व ऊर्जेचे. भारताने हवामान कराराखाली २०३० पर्यंत एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी ५० टक्के क्षमता जीवाश्मेतर स्रोतांची असावी, असे उद्दिष्ट स्वीकारले. त्या मोजणीत अणुऊर्जा येते. मात्र नवीकरणीय ऊर्जेच्या खरेदी-बंधनात ती येत नाही.

तिसरे वर्तुळ लोकव्यवहारातील 'स्वच्छ ऊर्जे'चे. या शब्दाला नेमकी कायदेशीर चौकट नाही, म्हणूनच जाहिरातीत व भाषणात तो सर्वांत जास्त आढळतो.

विद्यार्थ्यांना हा भेद समजणे अगत्याचे आहे. एखादा स्रोत कोणत्या वर्तुळात बसवला यावरच त्याला सवलत मिळणार की नाही आणि वितरण खात्याला त्याची वीज सक्तीने घ्यावी लागणार की नाही, हे ठरत असते.

राज्यघटनेतील तीन सूची

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कायदे करण्याचे विषय तीन सूचींत विभागले आहेत. ऊर्जेचा विषय या तिन्ही सूचींत विखुरलेला आहे.

संघसूचीतील नोंद ६ नुसार अणुऊर्जा आणि तिच्या निर्मितीसाठी आवश्यक खनिजे हा विषय पूर्णपणे संसदेचा आहे. समवर्ती सूचीतील नोंद ३८ 'वीज' ही आहे. तिच्यावर संसद व विधानसभा दोघांनाही कायदा करता येतो, परंतु दोन्ही कायद्यांत विरोध आल्यास अनुच्छेद २५४ नुसार सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राज्यसूचीतील नोंद १७ मध्ये पाणी, पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, पाण्याचा साठा यांच्या जोडीने 'जलशक्ती' हा शब्दही स्पष्टपणे आलेला आहे. मात्र ही नोंद संघसूचीतील नोंद ५६ च्या अधीन आहे आणि ती नोंद आंतरराज्य नद्यांच्या नियमनाविषयी आहे. याखेरीज राज्यसूचीतील नोंद ५३ अन्वये विजेच्या वापरावर किंवा विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार राज्याला आहे.

थोडक्यात सांगावयाचे तर अणू केंद्राचा, वीज दोघांची आणि पाणी राज्याचे, परंतु नदीने सीमा ओलांडली की त्या पाण्यावरही राज्याचा एकट्याचा अधिकार राहत नाही. गोव्याच्या बाबतीत हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. शापोरा व मांडवी या गोव्याच्या दोन महत्त्वाच्या नद्यांचे मूळ राज्याबाहेर आहे.

अणुऊर्जा : कायदा केंद्राचा, जमीन राज्याची

स्वतंत्र भारतात अणुऊर्जेविषयी सहा दशके १९६२ चा अणुऊर्जा कायदा लागू होता. या कायद्यानुसार अणुवीज निर्माण करण्याचा अधिकार केंद्र शासन व त्याच्या कंपन्यांपुरता मर्यादित होता आणि अणुविजेचा दरही केंद्र शासनच ठरवत असे. २०१० मध्ये अपघातानंतरच्या भरपाईसाठी अणुहानी नागरी दायित्व कायदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा नवा कायदा संमत करून या दोन्ही कायद्यांची जागा घेतली आणि परवान्याच्या अटींवर खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडले. परंतु अधिकाराचे केंद्र बदलले नाही. परवाना, सुरक्षितता, दायित्व हे सर्व पूर्वीप्रमाणेच संघाच्या अखत्यारीत आहे.

मग राज्याच्या हाती काहीच नाही काय? कागदावर पाहिले तर जवळजवळ नाही. व्यवहारात मात्र चित्र निराळे दिसते. अणुभट्टीला जमीन लागते, थंड करण्यासाठी विपुल पाणी लागते, रस्ते लागतात, बंदोबस्त लागतो. केंद्राभोवती १६ किलोमीटरच्या परिसरात आपत्कालीन नियोजन करावे लागते आणि प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरची ही जबाबदारी जिल्हा प्रशासनाची, म्हणजे राज्याची असते. या सर्व गोष्टी राज्याच्या सहकार्याशिवाय होत नाहीत.

याची दोन उदाहरणे परस्परविरोधी आहेत. पश्चिम बंगालमध्ये हरिपूर येथे नियोजित असलेल्या अणुवीज केंद्राला २०११ मध्ये तेथील राज्य शासनाने नकार दिला. त्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही. राज्य जमीन देणार नाही एवढे सांगणे पुरेसे ठरले. उलट महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली व वरिलवाडा परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन राज्याच्या यंत्रणेने संपादित केली. तेथे एकूण ९,९०० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचे नियोजन झाले. मच्छीमार व बागायतदारांचा विरोध तीव्र झाला आणि एप्रिल २०११ मध्ये नाटे येथे आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. म्हणजे निर्णय केंद्राचा असला तरी जमिनीची नोटीस आणि पोलिसांची तुकडी या दोन्ही रूपांनी लोकांसमोर उभे राहिले ते राज्यच.

गोव्याच्या शेजारी कर्नाटकातील कैगा येथे काळी नदीच्या काठी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन २००० मध्ये, तिसरी २००७ मध्ये आणि चौथी २०११ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. या केंद्राला थंड करण्यासाठी लागणारे पाणी काळी नदीवरील कद्रा धरणाच्या जलाशयातून येते, आणि कद्रा हे स्वतः जलविद्युत केंद्र आहे. अणुऊर्जा व जलविद्युत या पाठ्यपुस्तकात दोन निराळ्या प्रकरणांत येणाऱ्या गोष्टी येथे एकाच नदीवर एकमेकींना टेकून उभ्या आहेत. अणू केंद्राचा असला तरी त्याला थंड करणारे पाणी राज्यसूचीतले आहे, ही गोष्ट येथे प्रत्यक्ष दिसते.

खुद्द गोव्यात अणुवीज केंद्र नाही. परंतु २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी गोव्यात अशा केंद्राची शक्यता बोलून दाखवली, तेव्हा हा विषय गोव्याच्या दारापर्यंत येऊ शकतो हे स्पष्ट झाले. उद्या असा प्रस्ताव आलाच तर विधानसभा अणुऊर्जेवर कायदा करू शकणार नाही. मात्र जमीन, पाणी आणि आपत्कालीन व्यवस्था यांविषयी तिने काय म्हणावे, हा प्रश्न पूर्णपणे तिच्यासमोर असेल.

जलविद्युत : अधिकार राज्याचा, नदी दोघांची

जलविद्युतेच्या बाबतीत राज्याची घटनात्मक बाजू अधिक भक्कम आहे. असे असूनही गोव्यात स्वतःची जलविद्युत नाममात्र आहे. केंद्राच्या आकडेवारीत गोव्यातील लहान जलविद्युतेची स्थापित क्षमता ०.०५ मेगावॉट एवढीच दाखवली जाते. साळावली, अंजुणे, आमठाणे ही गोव्याची धरणे सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली आहेत. याचे मुख्य कारण भूगोलात आहे. जलविद्युतेला पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची उंचीवरून होणारी झेप या दोन गोष्टी लागतात. सह्याद्रीच्या कड्यावरून पाण्याला जी मोठी झेप मिळते, तिचा उपयोग करून घेण्याजोगी जागा उत्तर गोव्याच्या नद्यांवर बहुतांशी सीमेपलीकडे, महाराष्ट्रात व कर्नाटकात आहे. नदी गोव्यात शिरते तेव्हा तिची ही शक्ती बरीचशी संपलेली असते.

तिळारीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात घाटमाथ्यावर पाणी अडवून ते खाली दोडामार्ग तालुक्यातील केंद्रात सोडले जाते. हा विजेचा टप्पा महाराष्ट्राचा आहे. त्याखालील तिळारी पाटबंधारे प्रकल्प मात्र महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त आहे. त्याविषयी दोन राज्यांत १९९० मध्ये करार झाला. खर्चाची विभागणी लाभाच्या प्रमाणात ठरवण्यात आली: गोवा ७३.३० टक्के व महाराष्ट्र २६.७० टक्के. नियोजनानुसार सिंचनाचे लाभक्षेत्र गोव्यात १६,९७८ हेक्टर आणि महाराष्ट्रात ६,६७६ हेक्टर धरण्यात आले होते. गोव्याच्या वाट्याचा निधी उभारण्यासाठी व काम चालवण्यासाठी गोवा विधानसभेने १९९९ मध्ये गोवा तिळारी सिंचन विकास महामंडळाचा कायदा केला. विधानसभेने नदीविषयक अधिकार वापरून केलेल्या कायद्याचे हे ठळक उदाहरण होय.

या उदाहरणातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पाणी व वीज यांचे वाटे वेगळे करता येतात. गोव्याने पाण्यासाठी पैसे दिले, विजेसाठी नाही. दुसरी, ज्यांची गावे बुडाली ते लोक दोडामार्ग तालुक्यातील, आणि लाभाचा मोठा भाग गोव्याकडे. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा, नोकरी द्यावी की एकरकमी भरपाई याचा प्रश्न त्यामुळे दोन शासनांच्या मध्ये अनेक वर्षे लोंबकळत राहिला. एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यातील विस्थापिताला हक्क देऊ शकत नाही. त्याचे हित करारातील कलमांवर आणि दोन्ही शासनांच्या इच्छेवर अवलंबून राहते. तिसरी, कालवा सीमेपलीकडे फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की चांदेल व अस्नोडा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पांना झळ बसते आणि पेडणे व बार्देशमधील नळ कोरडे पडतात. ज्या कालव्यावर गोव्याच्या विधानसभेची सत्ता चालत नाही, त्याच कालव्यावर तिच्या मतदारांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे.

म्हादई नदीच्या प्रश्नात जलविद्युत आणखी ठळकपणे पुढे येते. कर्नाटकात उगम पावणारी ही नदी गोव्यात मांडवी होते आणि डिचोलीची वाळवंटी नदी तिला येऊन मिळते. राज्या-राज्यांतील पाणीतंटे सामान्य न्यायालयांऐवजी लवादाकडे सोपवण्याची सोय घटनेच्या अनुच्छेद २६२ मध्ये व त्याखालील १९५६ च्या कायद्यात आहे. त्यानुसार २०१० मध्ये म्हादई जलतंटा लवाद नेमण्यात आला आणि त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मिळाले. त्यांपैकी ८.०२ टीएमसी जलविद्युतेसाठी होते. गोव्याला २४ टीएमसी व महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी देण्यात आले.

येथे एक तांत्रिक मुद्दा विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखा आहे. जलविद्युतेसाठी वापरलेले पाणी खर्च होत नाही, ते चक्र फिरवून पुन्हा नदीत येते. म्हणून अशा वापराला 'अखर्चिक वापर' म्हणतात. परंतु पाणी नदीत कोठे येते आणि केव्हा येते, याला खालच्या लोकांच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. विजेची मागणी संध्याकाळी वाढली म्हणून संध्याकाळीच पाणी सोडले, किंवा एका खोऱ्यातील पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवले, तर खालच्या नदीचे स्वरूप बदलते. कोयनेच्या बाबतीत पूर्ववाहिनी पाणी वीजनिर्मितीनंतर पश्चिमेकडे उतरून कोकणात जाते, म्हणजे कृष्णा खोऱ्याच्या दृष्टीने ते खर्चच होते. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. खाडीकाठच्या गावांत गोड्या पाण्याचा ओघ कमी झाला की भरतीचे खारे पाणी अधिक आत शिरते. चोपडे-आगरवाड्यासारख्या गावांतील खाजन शेतीला, विहिरींना व मासेमारीला ही गोष्ट उदासीनपणे पाहण्याजोगी नाही.

जलशक्तीवर राज्याचा अधिकार आहे म्हणून राज्य तिच्यावर हवा तसा कर बसवू शकते, असेही नाही. हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये जलविद्युत निर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या पाण्यावर उपकर बसवणारा कायदा केला. राज्याचे म्हणणे असे की कर पाण्यावर आहे. प्रकल्पांचे म्हणणे असे की नाव पाण्याचे असले तरी कर प्रत्यक्षात वीजनिर्मितीवर आहे, आणि वीजनिर्मितीवर कर बसवण्याचा अधिकार राज्यसूचीत नाही. मार्च २०२४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. नोंद ५३ मधील शब्द 'वापर किंवा विक्री' असे आहेत, 'निर्मिती' नव्हे. एका शब्दावर राज्याच्या उत्पन्नाचे एक साधन अडते, हे कायद्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

वीज कायदा २००३ व संयुक्त नियामक आयोग

१९१०, १९४८ व १९९८ चे जुने वीजविषयक कायदे एकत्र करून संसदेने २००३ चा वीज कायदा केला. तो समवर्ती सूचीतील असल्याने राज्यांच्या हालचालींची चौकट बहुतेक त्यातच आखली गेली आहे. या कायद्याने औष्णिक केंद्र उभारण्यासाठी परवान्याची गरज काढून टाकली, परंतु जलविद्युतेचा अपवाद केला. ठरावीक खर्चापेक्षा मोठ्या जलविद्युत प्रकल्पाला कलम ८ नुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सहमती घ्यावी लागते. ती देताना पिण्याचे पाणी, सिंचन, जलवाहतूक व पूरनियंत्रण या गरजांशी सुसंगत राहून नदीचा सर्वोत्तम विकास होतो की नाही, हे प्राधिकरणाने पाहावयाचे असते. म्हणजे नदी ही केवळ विजेसाठी नाही, हे तत्त्व वीज कायद्यानेच मान्य केले आहे.

कलम ८६ नुसार राज्य विद्युत नियामक आयोगाने नवीकरणीय ऊर्जेला उत्तेजन द्यावयाचे आणि वितरकाने एकूण विजेच्या किती टक्के वीज अशा स्रोतांतून घ्यावी हे ठरवावयाचे असते. गोव्याला स्वतःचा आयोग नाही. कलम ८३ मधील तरतुदीनुसार केंद्रशासित प्रदेशांसाठी संयुक्त आयोग स्थापन झाला आणि २००८ मध्ये गोवा त्यात सामील झाला. विजेचे दर, खरेदीचे करार, नवीकरणीय ऊर्जेचे प्रमाण हे सर्व या आयोगापुढे ठरते. गोव्यात वितरणाचे काम कंपनीकडे न जाता शासनाच्या वीज खात्याकडेच राहिले आहे. त्यामुळे खात्याच्या कारभारावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो, परंतु दराचा आदेश विधानसभेत बदलता येत नाही.

अमेरिकेतील राज्यांचा अनुभव

संघराज्यात अणुऊर्जेवर घटक राज्याने कितपत बोलावे, हा वाद अमेरिकेतही झाला. कॅलिफोर्निया राज्याने १९७६ मध्ये कायदा केला की किरणोत्सारी कचऱ्याची कायमची विल्हेवाट लावण्याची सोय संघीय शासनाने मान्य करेपर्यंत राज्यात नवे अणुवीज केंद्र उभारू नये. वीज कंपन्यांनी त्यास आव्हान दिले. १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की किरणोत्साराच्या सुरक्षिततेचा विषय संघाचा, परंतु वीज हवी की नको, ती परवडते की नाही, हा आर्थिक विषय राज्याचा. कचऱ्याचा प्रश्न न सुटल्यास खर्चाचा अंदाज करता येत नाही, हे राज्याचे आर्थिक कारण न्यायालयाने ग्राह्य धरले आणि कायदा टिकला.

याच राज्याने नवीकरणीय ऊर्जेच्या कायद्यात ३० मेगावॉटपर्यंतचीच जलविद्युत मोजण्याचे ठरवले. पुढे २०२२ मध्ये विजेच्या तुटवड्याच्या भीतीने तेथील विधिमंडळाने बंद होऊ घातलेल्या डायब्लो कॅन्यन या अणुवीज केंद्राला २०३० पर्यंत मुदतवाढ देणारा कायदा केला. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने जुनी अणुवीज केंद्रे बंद पडू नयेत म्हणून त्यांच्या कार्बनविरहित विजेला जादा मोबदला देण्याची व्यवस्था केली. या उदाहरणांतून असे दिसते की गरज, किंमत आणि व्याख्या हीच राज्यांची खरी साधने आहेत.

भारतातील राज्यांना अमेरिकेतील राज्यांइतकी मोकळीक नाही, कारण आपल्याकडे अणुऊर्जा आरंभापासून संघसूचीत आहे. तथापि विचाराची पद्धत उपयुक्त आहे. सुरक्षिततेवर राज्य कायदा करू शकत नाही. परंतु किती वीज, कोणाकडून व कोणत्या किमतीला घ्यावी, याविषयी राज्याने आपली भूमिका आयोगापुढे मांडण्यास कोणतीही आडकाठी नाही.

राज्य विधानसभेला काय करता येईल?

वरील विवेचनावरून राज्याच्या हातातील अधिकारांची यादी पुढीलप्रमाणे करता येईल.

(१) जमीन व पाणी : कोणत्याही ऊर्जा प्रकल्पासाठी जमीन व पाणी देण्यापूर्वी कोणती माहिती प्रसिद्ध करावी, ग्रामसभेचे म्हणणे कसे नोंदवावे, हे राज्याला आपल्या पंचायत व जलविषयक कायद्यांतून ठरवता येते. गोव्यात पंचायतराज कायदा १९९४ पासून लागू आहे.

(२) आंतरराज्य करार : तिळारीसारखा करार शासना-शासनांत होतो. तो विधानसभेची मान्यता घेऊनच करावा अशी अट घटनेत नाही. परंतु असे करार व त्यांचे वार्षिक अहवाल विधानसभेसमोर ठेवावेत, असा नियम राज्याने आपल्यापुरता करण्यास घटनेचा अडसर दिसत नाही. त्यात विस्थापितांच्या पुनर्वसनाची आणि पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाची माहिती असावी.

(३) विद्युत शुल्क : विजेच्या वापरावरील शुल्क राज्याच्या कायद्याने बसते. गोव्यात त्यासाठी १९८६ चा कायदा आहे. शुल्कातील सूट वा वाढ हे पर्यायी ऊर्जेला उत्तेजन देण्याचे राज्याचे निर्विवाद साधन होय.

(४) धोरण : कायद्याखेरीज धोरणातूनही राज्य बरेच काही करू शकते. गोव्याचे २०१७ चे सौरऊर्जा धोरण याचे उदाहरण होय. मोठी नदी व मोठी जमीन नसलेल्या राज्याला घराच्या छपरावरची वीज अधिक जवळची आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

हा विषय वर्गात शिकवण्यासाठी घरचे वीजबिल हे उत्तम साधन आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरचे बिल आणावे. त्यातील विद्युत शुल्काची ओळ म्हणजे राज्य विधानसभेचा कायदा. प्रतियुनिट दराची ओळ म्हणजे संसदेच्या २००३ च्या कायद्याखाली संयुक्त आयोगाने दिलेला आदेश. त्या दरात मिसळलेली वीजखरेदीची किंमत म्हणजे कोळसा, वायू, अणू, पाणी यांच्या केंद्रांशी झालेले व्यवहार, आणि त्यांतील अणुविजेचा दर केंद्राच्या अधिकारातून आलेला. राज्यघटनेतील तीन सूची अशा रीतीने एका कागदावर दाखवता येतात. त्याच्या शेजारी घरचे पाण्याचे बिल ठेवावे आणि हे पाणी कोणत्या कालव्यातून, कोणत्या करारान्वये आले, याचा शोध विद्यार्थ्यांना घेऊ द्यावा.

दुसरा उपक्रम म्हणजे तक्रारीचा पत्ता शोधणे. 'नळाला पाणी नाही', 'विजेचा दर वाढला', 'गावाजवळ प्रकल्प येणार अशी बातमी आहे', 'धरणग्रस्ताला नोकरी मिळाली नाही' अशा चार तक्रारी फळ्यावर लिहून प्रत्येकीचे उत्तर देण्याची जबाबदारी पंचायत, जलस्रोत खाते, वीज खाते, संयुक्त आयोग, विधानसभा, शेजारचे राज्य की संसद यांपैकी कोणाची, हे विद्यार्थ्यांनी ठरवावे. शेवटच्या तक्रारीचे उत्तर सर्वांत अवघड आहे, कारण तेथे बोट दाखवता येईल असे एकच कार्यालय नाही. हीच चर्चा वर्गात सर्वाधिक वेळ घेईल आणि तिने तो घ्यावा.

समारोप

अणुऊर्जा व जलविद्युत या दोन्ही स्रोतांच्या बाबतीत राज्याच्या अधिकाराला कडेकोट मर्यादा आहेत. अणूच्या बाबतीत ती मर्यादा घटनेने घातली आहे, तर पाण्याच्या बाबतीत नदीच्या वाटेने. परंतु मर्यादा म्हणजे अधिकाराचा अभाव नव्हे. जमीन, पाणी, शुल्क, करारांची पारदर्शकता आणि वीजखरेदीतील भूमिका एवढ्या गोष्टी विधानसभेच्या व शासनाच्या हाती निश्चित आहेत, आणि लोकांच्या दैनंदिन जीवनाशी जवळचा संबंध याच गोष्टींचा आहे. नागरिकाला आपली मागणी कोठे करावयाची हे ठाऊक नसले की ती योग्य असूनही वाया जाते. चोपड्याच्या पुलावरून रोज महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला पुलाखालचे पाणी कोणाच्या कायद्याने वाहते आणि पुलावरचा दिवा कोणाच्या कायद्याने लागतो, हे सांगता आले, तर नागरिकशास्त्राचा पाठ त्याला खऱ्या अर्थाने समजला असे म्हणता येईल.